वाघाच्या मावशीचं पान

मांजर म्हटलं, की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ठेवलेली दुधाची बशी, तिच्यात कुस्करलेली पोळी आणि डोळे मिटून ती चाटणारी मनी. लहानपणी ऐकलेल्या गोष्टींतली मांजरं दूध पितात, म्हणींतलीही दूधच पितात. त्यामुळे घरात पिल्लू आलं, की पहिल्या दिवशी दूध-पोळीची बशी पुढे येते आणि पुढची दहा-बारा वर्षं तीच चालू राहते. दवाखान्यात मांजर घेऊन येणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न असतो, ‘हे जेवतं काय?’ उत्तर बहुधा ठरलेलं असतं. ‘दूध-पोळी, डॉक्टर. अगदी घरच्यासारखं!’ हे सांगताना आवाजात माया असते आणि थोडा अभिमानही असतो. म्हणूनच त्यापुढचं बोलणं मला जरा जड जातं. कारण मांजराची बरीचशी दुखणी त्या बशीतूनच आलेली असतात.

यावर लगेच विचारलं जातं, ‘मग आमच्या आजीच्या वाड्यातलं मांजर दूध-पोळीवर एवढं धडधाकट कसं राहिलं?’ प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर असं, की ते मांजर दूध-पोळीवर जगतच नव्हतं. वाड्याला माळा होता, धान्याची कोठी होती, मागे गोठा आणि परसू होतं. रात्रभर ते मांजर उंदीर, पाली, चिमण्या, नाकतोडे असा आपला फराळ आपणच करत होतं. सकाळी आजी जी बशी ठेवायची, ती त्याच्या दृष्टीनं जेवणानंतरची खिरापत होती. आपण ती खिरापत तेवढी पाहिली, रात्रीची पंगत पाहिलीच नाही.

माणूस आणि मांजर यांचा करारच मुळात तसा होता. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली आहे. तिच्यात माणसाच्या शेजारीच एक मांजर पुरलेलं आहे. या शोधाची माहिती २००४ साली प्रसिद्ध झाली. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आलं. माणसानं मांजराला पोसलं असं म्हणण्यापेक्षा त्याला शिकारीची जागा दिली, असं म्हणणं जास्त बरोबर ठरेल. हजारो वर्षं मांजर आपलं पोट आपणच भरत आलं.

आज ते मांजर तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतं. दार बंद, गॅलरीला जाळी, घरात उंदराचं नाव नाही. जाळी हवीच, त्याबद्दल दुमत नाही. गॅलरीतून पडून हाडं मोडलेली मांजरं आम्ही नेहमी पाहतो. पण त्या जाळीनं एक गोष्ट बदलली. आता मांजराच्या पोटात जे जातं, ते सगळं आपल्या हातून जातं. बशीत जे कमी पडेल, ते बाहेरून भरून निघणार नाही.

मांसावाचून का चालत नाही?

कुत्रा माणसाबरोबर राहून बराचसा मिश्राहारी झाला. मांजर मात्र झालं नाही. शरीरशास्त्राच्या दृष्टीनं ते आजही पूर्ण मांसाहारी आहे, आपण त्याला वाघाची मावशी म्हणतो ते काही उगाच नव्हे. आपल्या खाण्यात प्रथिनं कमी आली, तर आपलं यकृत प्रथिनं जपून वापरू लागतं. मांजराच्या यकृताला ही काटकसर फारशी जमत नाही. खाण्यातून प्रथिनं मिळाली नाहीत, तर ते स्वतःचे स्नायू मोडून खर्च चालवतं. गाजर-पालकातल्या रंगद्रव्यापासून आपण ‘अ’ जीवनसत्त्व तयार करतो, मांजराला ते करता येत नाही. त्याला ते तयारच मिळावं लागतं आणि ते प्राणिज पदार्थांतच असतं.

टॉरिन नावाच्या घटकाची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. हा घटक मांस-मासळीत असतो, धान्यात आणि डाळीत नसतो. आपलं शरीर तो बनवून घेतं, मांजराचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही. टॉरिन कमी पडलं, तर मांजराच्या डोळ्याचा पडदा झिजून ते आंधळं होतं, हे १९७५ साली प्रयोगांतून दिसून आलं. पुढे १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. मांजरांच्या हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय फुगण्याचा जो आजार तेव्हा सर्रास दिसत असे, त्याचंही कारण बहुतेक वेळा टॉरिनची कमतरता हेच होतं. विशेष म्हणजे ही मांजरं त्या वेळचं बाजारातलं तयार खाद्य खात होती. त्यानंतर खाद्यांमध्ये टॉरिनचं प्रमाण वाढवलं गेलं आणि हा आजार झपाट्यानं कमी झाला. एका घटकाची ही कथा. दूध-पोळीत असे किती घटक कमी पडत असतील, याचा विचार करावा.

मग दुधाचं काय? दूध हे विष नव्हे. पण आईचं दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांच्या आतड्यातलं दुधातली साखर पचवणारं पाचकद्रव्य कमी होतं. न पचलेली साखर पुढे जाऊन जुलाब होतात. काहींना थोडं दूध सोसतं. ज्याला सोसतं, त्याला दोन चमचे कौतुकानं द्यावं, पण जेवण म्हणून देऊ नये. आणि ‘गोड आवडतं हो त्याला’ असं कुणी म्हणालं, तर आणखी एक गंमत सांगतो. मांजराला गोड चव कळतच नाही. जिभेवर गोडाची जाणीव देणारं जे जनुक लागतं, ते मांजराच्या कुळात निकामी झालेलं आहे. फिलाडेल्फियातल्या मोनेल संस्थेच्या संशोधकांनी २००५ मध्ये हे सिद्ध केलं. मांजर आईस्क्रीम चाटतं ते त्यातल्या स्निग्धांशासाठी.

घरचं की पाकिटातलं?

घरचं म्हणजे चांगलं, हा आपला स्वभाव. मांजराच्या बाबतीत तो थोडा तपासून घ्यावा लागतो. ‘आम्ही रोज उकडलेलं बोनलेस चिकन देतो’, असं सांगणारे लोक वाढले आहेत. दूध-पोळीपेक्षा हे कितीतरी चांगलं. पण नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. उंदीर खाणारं मांजर हाडांसकट खातं, म्हणून तिथे हिशेब जुळतो. नुसत्या बोनलेस मांसावर वाढवलेल्या पिल्लाचं शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढू लागतं. अशी चार महिन्यांची पिल्लं मी पाहिली आहेत. दिसायला गुबगुबीत, पण सोफ्यावरून उडी मारली आणि मांडीचं हाड मोडलं. घरात मायेला काहीही कमी नव्हती, कॅल्शियम कमी होतं. यावर उपाय म्हणून शिजवलेली हाडं मात्र देऊ नयेत. शिजल्यावर ती ठिसूळ होतात, त्यांच्या धारदार किरच्या निघतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुततात.

कोकणात आणि गोव्यात मासळी मुबलक. तिथली मांजरं मासळीवर वाढतात आणि पुष्कळदा चांगली वाढतात. तरी फक्त मासळी हे पूर्ण जेवण होत नाही. काही माशांमध्ये, ते कच्चे असताना, ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. कच्ची मासळी रोज दिली, तर मांजर मान खाली टाकतं, झोकांड्या खातं, त्याला झटके येतात. म्हणून मासळी उकडून, काटे काढून द्यावी. तारली, बांगडा असे तेलकट मासे रोज नकोत. खारवलेली सुकी मासळी तर मिठामुळे टाळलेलीच बरी. कलेजीबद्दलही सांगतो. मांजर तिच्यावर तुटून पडतं, पण तिच्यात ‘अ’ जीवनसत्त्व इतकं असतं, की रोज दिल्यास काही महिन्यांत मानेची आणि पाठीची हाडं जखडतात. आठवड्यातून एखादा छोटा तुकडा पुरे.

बाजारातलं चांगलं तयार खाद्य हे या सगळ्या हिशेबाचं सोपं उत्तर आहे. पाकीट घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, ते ‘संपूर्ण आहार’ म्हणून विकलं जातं की नुसता खाऊ म्हणून. दुसरी, ते कोणत्या वयासाठी आहे. मोठ्या मांजराच्या खाद्यात पाण्याचा अंश वगळता किमान २६ टक्के आणि पिल्लांच्या खाद्यात ३० टक्के प्रथिनं असावीत, असा अमेरिकेतला मानदंड आहे. आपल्याकडच्या पाकिटांवरही प्रथिनांचा आकडा छापलेला असतो. घरात कुत्रा असेल, तर त्याचंच खाद्य मांजराला देऊ नका. कुत्र्याच्या खाद्यात मांजराला पुरेल एवढी प्रथिनं आणि टॉरिन असेलच असं नाही.

घरचंही द्यायची हौस असेल, तर दिवसाच्या अन्नाचा दहावा हिस्सा घरचा ठेवावा. तेवढ्यानं संतुलन बिघडत नाही. चिकन द्यायचं तर छातीपेक्षा मांडीचं द्यावं, त्यात टॉरिन जास्त असतं. ते पाण्यात उतरतं, म्हणून उकडल्यावर पाणी फेकू नये, तेही बशीत घालावं. मीठ, मसाला, कांदा, लसूण काहीही नको. सगळंच घरचं द्यायचं असेल, तर कॅल्शियम, टॉरिन आणि जीवनसत्त्वं किती घालायची हे मांजराचं वजन दाखवून डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. अंदाजपंचे करू नये.

आता एक नाजूक प्रश्न. ‘आमच्या घरी मांसाहार चालत नाही. मांजराला शाकाहारी ठेवलं तर?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या भावनेचा मला आदर आहे. पण उत्तर स्पष्ट द्यायला हवं. वरण-भात, दूध-पोळी, पनीर यांवर मांजर निरोगी राहत नाही. आपलं व्रत आपल्यासाठी असतं, मांजरानं ते घेतलेलं नसतं. कितीतरी शाकाहारी घरांनी यातून वाट काढली आहे. कोरडं तयार खाद्य, त्याची वेगळी बशी आणि गॅलरीतली वेगळी जागा. शिजवायचं काही नाही, वासही फारसा नाही. आणि हेही मनाला पटत नसेल, तर मांजर न पाळणं हाच खरा दयाळूपणा. ससा पाळावा. तो गवत-पाल्यावर सुखी असतो.

दूध-पोळीवरच्या मांजराला नवं खाद्य सुरू करताना घाई करू नका. जुन्यात थोडं नवं मिसळत आठ-दहा दिवसांत बदल करावा. ‘भूक लागली की खाईल झक मारत’, हा उपाय मांजराला लागू नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

किती वाढावं, किती पाणी?

चार किलो वजनाच्या, शस्त्रक्रिया झालेल्या, घरातच राहणाऱ्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी पुरतात. कोरड्या खाद्यात हे ५५ ते ६५ ग्रॅम होतात, म्हणजे दिसायला अगदीच थोडं. एकदा काट्यावर मोजून, ते कोणत्या वाटीत किती भरतं हे पाहून ठेवावं. अंदाजानं वाढणारा हात नेहमी जास्तच वाढतो. एका उंदरातून सुमारे ३० कॅलरी मिळतात. म्हणजे निसर्गात मांजर दिवसभरात सात-आठ वेळा थोडं थोडं खातं. म्हणून दिवसाचं ठरलेलं खाद्य तीन-चार वेळांत विभागून द्यावं.

मांजर जाड आहे की बारीक, हे डोळ्यांनी ठरवू नका, केसांमुळे फसायला होतं. दोन्ही बाजूंनी बरगड्यांवरून हलका हात फिरवा. बरगड्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत, पण नजरेला दिसता कामा नयेत. बोटं दाबावी लागत असतील, तर वाटी थोडी कमी करा.

पाण्याचं गणित आणखी महत्त्वाचं आहे. मांजराचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी मुलखातले. त्यांची तहान मंद आणि लघवी दाट. शिकारीच्या मांसात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्यावर त्यांचं भागे. चार किलोच्या मांजराला दिवसाला सुमारे २०० मिलिलिटर पाणी लागतं. ६० ग्रॅम कोरड्या खाद्यातून जेमतेम पाच-सहा मिलिलिटर मिळतं, बाकीचं त्यानं भांड्यातून प्यायला हवं. आणि नेमकं तेच ते पुरेसं पीत नाही. म्हणून निदान एक वेळ ओलं खाद्य द्यावं किंवा कोरड्या खाद्यावर कोमट पाणी घालावं. पाण्याची दोन-तीन भांडी घरात वेगवेगळ्या जागी, शक्यतो खाण्याच्या बशीपासून लांब ठेवावीत. पाणी रोज बदलावं.

वाटेवर सापडलेलं पिल्लू

पार्किंगमधल्या स्कूटरखाली, जिन्याखालच्या अडगळीत डोळेही न उघडलेली पिल्लं सापडतात. आधी लांबून दोन-तीन तास वाट पाहा. आई बहुधा खाण्याच्या शोधात गेलेली असते. ती आलीच नाही, तर पिल्लू उचलल्यावर पहिलं काम दूध पाजणं नव्हे, ऊब देणं. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवा. मग मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर वापरा. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा प्रथिनं साधारण दुप्पट असतात, म्हणून गाईचं पाणी घातलेलं दूध त्याला पुरत नाही. पाजताना पिल्लू पालथं असू द्यावं. तान्ह्या बाळासारखं उताणं धरून पाजलं, तर दूध फुप्फुसात जातं आणि पिल्लू न्यूमोनियानं दगावतं. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा पाजावं लागतं. प्रत्येक वेळी ओल्या कापसानं शेपटीखाली हलकेच पुसावं, कारण पहिले तीन आठवडे आईच्या चाटण्याशिवाय पिल्लाला शी-शू होत नाही. चौथ्या आठवड्यापासून मऊ खाद्य चाटवायला लागावं. आणि कुणाचं पिल्लू दत्तक घेत असाल, तर ते निदान आठ आठवडे आईजवळ राहू द्या.

घरातली विषं

कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, मग ते शिजलेले असोत की रश्शात उतरलेले. चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका नकोत. पण सगळ्यांत मोठी चूक होते ती औषधांच्या डब्यापाशी. मांजर कोमट लागतंय म्हणून आपली पॅरासिटामॉलची गोळी फोडून दिली जाते. हे औषध शरीराबाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. एक गोळीदेखील जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी किंवा निळसर होतात, तोंड सुजतं, धाप लागते. कुत्र्याच्या गोचिडांवरची काही औषधंही मांजराला घातक असतात, विशेषतः ज्यांत परमेथ्रिन असतं ती. डांबराच्या गोळ्या उघड्यावर नकोत. फिनाईलनं पुसलेली लादी वाळेपर्यंत मांजराला तिथे फिरकू देऊ नये, कारण ते नंतर आपले पंजे चाटतं. पुष्पगुच्छात येणारी मोठ्या पाकळ्यांची लिली घरात आणूच नये. तिचं पान, फूल, नुसते परागकणसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करतात. आणि दोरा! शिवणाचा, गजऱ्याचा, राखीचा. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो आतच जातो. दोऱ्याचं टोक तोंडातून किंवा मागून बाहेर दिसलं, तर ओढू नका. आतडं कापलं जातं. तसंच डॉक्टरांकडे या.

रेतीच्या पेटीतलं वर्तमान

मांजर आपलं दुखणं लपवतं. आजारी मांजर कण्हत-कुंथत नाही, कपाटामागे जाऊन बसतं. म्हणून रेतीची पेटी साफ करणं हे कंटाळवाणं काम नसून रोजची तपासणी आहे. जितकी मांजरं, त्यापेक्षा एक पेटी जास्त ठेवावी. ती शांत जागी असावी आणि जेवणाच्या बशीपासून दूर.

बोका पेटीत पुन्हा पुन्हा जाऊन बसतो, जोर करतो आणि रेती कोरडीच राहते, असं दिसलं तर घड्याळ पाहा. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. खडे किंवा चिकट द्रव्य अडकून तो बंद होतो. लघवी तुंबली, की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि दोन-तीन दिवसांत हृदय थांबतं. असा एक बोका माझ्याकडे तिसऱ्या दिवशी आला. शौचाला होत नाही असं समजून घरच्यांनी दोन दिवस एरंडेल पाजलं होतं. माणसं निष्काळजी नव्हती, आळीपाळीनं रात्रभर त्याच्याजवळ बसली होती. बोका वाचला नाही. पहिल्या दिवशी आणला असता, तर नळी घालून लघवी मोकळी करता आली असती. तेव्हापासून बोका पाळणाऱ्या प्रत्येकाला मी हे न विचारता सांगतो. लघवी होत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, रात्र असली तरी.

दुसरी खूण म्हणजे न खाणं. मांजराला उपास मानवत नाही. दोन दिवस पोटात अन्न गेलं नाही, तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साठू लागते आणि यकृतच बंद पडायला येतं. मांजर जितकं लठ्ठ, तितका धोका अधिक. म्हणून चोवीस तास बशीला तोंड लावलं नाही, तर डॉक्टरांना फोन करावा आणि दुसरा दिवस उजाडण्याची वाट पाहू नये. पिल्लाच्या बाबतीत तर काही तासच पुष्कळ झाले.

लस, जंत आणि शस्त्रक्रिया

मांजरांच्या तीन विषाणुजन्य रोगांवर एकत्रित लस मिळते. ती आठव्या आठवड्यापासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळाव्या आठवड्यापर्यंत द्यावी. यांतला एक रोग पिल्लांची वीतच्या वीत संपवतो आणि त्याचा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. मांजर घराबाहेर जात नसलं तरी ती टाळू नये. कोणतंही अनोळखी मांजर चावलं किंवा त्यानं ओरबाडलं, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवावी आणि लगेच दवाखान्यात जावं. पिल्लाला आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि पुढे तीन महिन्यांनी जंताचं औषध द्यावं. आंघोळीची मात्र घाई नको. मांजर स्वतःची स्वच्छता स्वतः राखतं, आपण आठवड्यातून दोन-तीनदा ब्रश फिरवला की झालं.

‘एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत’, या समजुतीला काही आधार नाही. मांजरी चौथ्या-पाचव्या महिन्यातच गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत विते. वेळेत शस्त्रक्रिया केल्यास पुढे स्तनांच्या कर्करोगाचा धोकाही पुष्कळ कमी होतो. एवढंच, की शस्त्रक्रियेनंतर भूक वाढते आणि गरज घटते. वाटी तेव्हापासूनच मोजावी.

शेवटी एक दुःखाची गोष्ट. घरात गोड बातमी आली, की कित्येक घरांतून मांजराला पोत्यात घालून दूर सोडून येतात. भीती असते ती टॉक्सोप्लाझ्मा या परोपजीवीची. ती निराधार नाही, पण तिच्यावर उपाय साधा आहे. मांजराच्या विष्ठेतून हा जंतू पडला, तरी संसर्ग करण्याजोगा व्हायला त्याला निदान एक दिवस लागतो. पेटी रोज साफ करावी, ती गर्भवतीखेरीज घरातल्या दुसऱ्या कुणी करावी, हात धुवावेत आणि मांजराला कच्चं मांस देऊ नये. न धुतलेल्या भाज्या आणि अर्धकच्चं मांस यांतूनही हा जंतू पोटात जातो. मांजर सोडून दिलं म्हणून तो धोका टळत नाही. रस्त्यावर सोडलेलं घरातलं मांजर मात्र बहुधा जगत नाही.

हे सगळं ऐकून दडपून जायचं कारण नाही. रोज सकाळची दोन मिनिटं पुरतात आणि तीनच गोष्टी पाहायच्या आहेत, बशी, पेटी आणि बरगडी. रात्रीची बशी संपली आहे का, पेटीतली रेती ओली आहे का आणि हाताला बरगडी कालच्यासारखीच लागते आहे का. वाड्यातलं मांजर आपलं जेवण आपण मिळवत होतं, आपण फक्त खिरापत देत होतो. आता दार आपण लावून घेतलं आहे, तेव्हा पानही आपणच नीट वाढायला हवं.